आहार काटेकोर ठेवला तर आजार होत नाहीत आणि दवाखान्याचा खर्च वाचतो, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. आणि त्या अर्ध्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही प्रश्नाखाली विचारलंय, "जेवण हेच औषध असेल तर तपासण्या आणि विमा यांवर पैसे कशाला घालवायचे?" हेच वाक्य, थोडे शब्द इकडेतिकडे करून, माझा मोठा भाऊ वर्षानुवर्षं बोलत आला. त्यामुळे उत्तर तुम्हाला देतोय की दादाला, ते माझं मलाच नक्की सांगता येणार नाही.

दादाने साखर ऐन तारुण्यात सोडली. मीठ मोजून. तळलेलं नाही, बाहेरचं नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ताटातलं निम्मं बाजूला. रोज पहाटे चालणं. कॉलेजातल्या पँटी त्याला परवापरवापर्यंत होत होत्या. मी त्याच्या अगदी उलटा. समोर येईल ते खाणार, दोनदा घेणार, आणि पोट नेहमी माझ्या दोन पावलं पुढे. घरात कुणालाही आरोग्यावर प्रवचन द्यायचं झालं की दादा कसा असावा याचा नमुना आणि मी कसा नसावा याचा.

त्याचा लाडका किस्सा जेम्स लिंडचा. १७४७ साली सॅलिसबरी नावाच्या ब्रिटिश जहाजावर स्कर्व्ही झालेले १२ खलाशी लिंडने निवडले, त्यांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी काही दिवसांत उठून कामाला लागली. दादा हे सांगून झालं की हात झटकायचा, "बघ. गोळी नाही, फळ!"

किस्सा खराच आहे. पण स्कर्व्ही म्हणजे क जीवनसत्त्वाची उणीव. जे कमी पडलं ते पोटात गेलं, आजार गेला. आयोडीन कमी पडून गलगंड होतो, तिथेही तेच. अशा आजारांत अन्न हे शब्दशः औषध असतं. पण सगळेच आजार कशाची तरी उणीव म्हणून येत नाहीत. काही जन्माबरोबर येतात, काही वयाबरोबर, काही का येतात ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. हा फरक मी दादाला किती वेळा सांगितला असेल! त्याचं उत्तर ठरलेलं: "तुला खाणं सोडवत नाही म्हणून तू पळवाटा शोधतोस."

पन्नाशीच्या आसपास कुठल्याशा शिबिरात कुणीतरी त्याचं बीपी मोजलं. वरचा आकडा दीडशेच्या पुढे. डॉक्टरांना दाखवा म्हणाले. दादाने दाखवलं नाही, मीठ आणखी कमी केलं आणि घरात लो सोडियम मीठ आणलं. पुन्हा बीपी मोजलं नाही. मोजायचं कशाला, उपाय तर केलाय!

या मिठाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. यात सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. वाईट वस्तू नाही. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि ते मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरलं. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. कारण जास्तीचं पोटॅशियम शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. ती थकलेली असतील तर ते रक्तात साठतं, आणि एका मर्यादेपलीकडे हृदयाचे ठोके बिघडवतं.

दादाला थकवा येऊ लागला. भूक गेली, अंगाला खाज सुटायची, संध्याकाळी पाय सुजायचे. त्याने काय करावं? आहार अजून कडक केला. फळांचे रस वाढवले. म्हणजे आणखी पोटॅशियम.

एका रात्री वहिनीचा फोन आला, "भावोजी, यांना उठता येत नाहीये, पायात जीवच नाही म्हणतायत." दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला आणि पट्टी बघताच तिथल्या माणसांच्या हालचालींचा वेग बदलला. पोटॅशियम भलतंच वर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं थकली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) त्याहून भयंकर. मानेच्या शिरेत नळी घालून त्याच रात्री डायलिसिस. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं गाठींनी भरलेली, पाण्याने भरलेल्या लहानमोठ्या पिशव्यांच्या. पॉलिसिस्टिक किडनी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "घरात अजून कुणाला?"

आमचे वडील साठीच्या आतच मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. "बीपीने गेले" एवढंच आम्हाला ठाऊक. त्यांची मूत्रपिंडं कुणी कधी बघितली नव्हती. या आजारात बीपी लवकर वाढतं, आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येण्याचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो, हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलं. वडिलांना हेच होतं असं आता कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. आई किंवा वडील, एकाला हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. माझी सोनोग्राफी केली. स्वच्छ. माझं वय धरता यापुढेही निघणार नाही म्हणाले. आयुष्यभर अरबट-चरबट खाणारा मी सुटलो, आणि मीठ मोजून खाणारा तो सापडला.

आता ज्या गोष्टीमुळे माझं डोकं आजही फिरतं ती. दादा आयसीयूत असताना भेटायला आलेल्या नातेवाइकांतल्या एका बाईंनी वहिनीला विचारलं, "काय घालत होतीस गं त्याला खायला?" अख्खं आयुष्य नवऱ्याचं ताट मोजून-मापून वाढलेल्या बाईला! मी तिथे जे बोललो ते इथे लिहीत नाही. पण त्या बाई दुष्ट नव्हत्या, त्या फक्त दादाचंच तत्त्वज्ञान पुढे नेत होत्या. चांगलं खाणाऱ्याला आजार होत नाही असं एकदा मानलं, की आजारी पडलेला माणूस आपोआप गुन्हेगार ठरतो. तो नाही तर त्याला रांधून घालणारी. मुलाला रक्ताचा कर्करोग झालेल्या आईलाही लोक हेच विचारतात.

बरं, खर्च. त्या सगळ्या बिलांची फाइल माझ्याकडे आहे, कारण पैशांची जमवाजमव मीच करत होतो. आधी डिपॉझिट, मग रोजचं आयसीयूचं भाडं, मानेतली नळी, दिवसातून अनेकदा रक्त तपासणं, आणि ज्या वस्तूंची नावंही वाचता येत नाहीत अशा वस्तूंची लांबलचक यादी. पुढे त्या नळीतून जंतुसंसर्ग झाला, म्हणून पुन्हा भरती. यातला मोठा भाग आजाराचा खर्च नव्हता, उशिराचा खर्च होता. दादाच्या मूत्रपिंडांनी कधीतरी हात टेकलेच असते, हे मला मान्य आहे. पण बीपी आटोक्यात ठेवलं असतं तर काही वर्षं पुढे ढकलता आलं असतं. आणि आधीपासून माहीत असतं तर डायलिसिसच्या सुया टोचायला हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करून ठेवला असता. त्याला तयार व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तो तयार असेल तर माणूस डायलिसिसला पायी चालत जातो, आयसीयूतून सुरुवात करावी लागत नाही.

हे कळायला काय लागलं असतं? बीपीचं यंत्र. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी. क्रिएटिनिन, तेही बराच बिघाड झाल्यावरच वाढतं, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबायचं नाही. आणि वडिलांची हकिगत ऐकून एखाद्या डॉक्टरने सांगितली असती ती एक सोनोग्राफी. आयसीयूच्या एका दिवसाच्या बिलापुढे हे चिल्लर आहे.

बिलात न येणारा खर्च वेगळाच. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी साधारण चार तास, शिवाय जाणं-येणं आणि नंतरचा थकवा. दादाची नोकरी गेली. सोबत जायला लागतं म्हणून वहिनीने शिकवण्या बंद केल्या. उपचारांवर स्वतःच्या खिशातून होणारा खर्च घराच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांवर गेला की त्याला जगभर अनेक वर्षं 'आपत्तीजनक खर्च' म्हणत आलेत. त्या हिशेबात वहिनीच्या बुडालेल्या शिकवण्या नाहीत.

आहार फुकट जातो असं मी म्हणत नाहीये. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी आहार बदलला, वजन थोडं उतरवलं, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम केला, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. म्हणजे ताटाने गोळीला हरवलं, दादा म्हणतो तसंच. फक्त ५८ म्हणजे १०० नव्हेत. उरलेले लोक काही चोरून मिठाई खात नव्हते.

आणि दादाच्या पथ्याचा त्याला आज उपयोग होतोय, हेही सांगायला हवं. हृदय चांगलं, साखर नाही, वजन नाही, त्यामुळे प्रत्यारोपणासाठी तो उत्तम उमेदवार आहे असं डॉक्टर म्हणतात. मूत्रपिंड द्यायला मी तयार आहे. मला आधी वजन उतरवायला सांगितलंय. त्यामुळे सध्या माझ्या ताटावर दादाची नजर असते आणि त्याला त्यात जो आनंद होतो तो विचारू नका.

विम्याचं थोडक्यात: आजार कळल्यावर विमा एक तर मिळत नाही, किंवा नेमका तोच आजार वगळून, नाहीतर भरपूर प्रतीक्षाकाळ लावून मिळतो. "मला काही होत नाही" असं वाटत असतं तेव्हाच तो घ्यायचा असतो. अर्जात घरातल्या आजारांबद्दल विचारलं तर खरं लिहा, नाहीतर दावा करायच्या वेळी तेच आडवं येतं.

मी डॉक्टर नाही हे एव्हाना कळलं असेलच. माझं वाचून कुणी लो सोडियम मीठ फेकून देऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी विचारा, कारण त्यातल्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. आणि तपासण्या करा म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतची पॅकेजेस घ्या असं नाही. त्यात काहीतरी किरकोळ निघतं आणि त्याच्यामागे धावण्यात वेगळा खर्च होतो. बीपी मोजा, आणि आजी-आजोबा, आई-वडील, काका-आत्या कशाने गेले ते घरात विचारून घ्या. 'बीपीने गेले' एवढ्यावर समाधान मानू नका.

दादाला मुलगा आहे, विशीतला. नाणं त्याच्यासाठीही उडालेलंच आहे. दादा म्हणतो, त्याला नीट खायला शिकवलंय, त्याची काळजी नको. सोनोग्राफी करायची की नाही हे त्या पोराने ठरवावं, त्यात मी पडत नाही. पण त्याच्या वाढदिवसाला मी बीपीचं यंत्र दिलं. यावरून दादा आणि माझं अजून वाजतं. त्याचं म्हणणं, तू पोराच्या डोक्यात भीती घालतोयस.

घालतोय.