उष्णता बाहेर पडते, तरी अमोनियाला ४५० अंश कशाला?

तुमच्या बारावीच्या वर्गातल्या मुलीचे तीन प्रश्न तुम्ही इथे मांडलेत. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते, मग कारखान्यात ४५० अंश सेल्सिअस आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब कशाला? बाहेर पडणाऱ्या त्या उष्णतेवरच कारखाना का चालत नाही? आणि हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हेच काम शेतातल्या तापमानाला करतात, मग आपणच एवढं इंधन का जाळतो? माझी नोकरी खत कारखान्याच्या अमोनिया विभागात झाली. प्रश्न फार चांगले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, अभिक्रियाच आपोआप घडतात’ हे वाक्य मुलं गाईडमधून पाठ करून येतात. ते चूक आहे. फवारणीसाठी बादलीत युरिया कालवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, बादली गार पडते. म्हणजे युरिया विरघळताना उष्णता शोषून घेतो, तरीही तो कोणी न सांगता विरघळतो. वर्गात थर्मामीटर लावून हा प्रयोग जरूर दाखवा. दिशा ठरवताना एन्थाल्पीबरोबर (उष्णतेच्या देवाणघेवाणीबरोबर) एन्ट्रॉपीही (ऊर्जा आणि कण किती विखुरलेत ते) मोजावी लागते, आणि एन्ट्रॉपीचं वजन तापमानाबरोबर वाढत जातं.

आता अमोनिया. बंध ऊर्जांची बेरीज फळ्यावर करून दाखवा. नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप) ९४५ किलोज्यूल लागतात, तीन मोल हायड्रोजनचे बंध तोडायला प्रत्येकी ४३६. एकूण २२५३. उलट दोन मोल अमोनियात नायट्रोजन-हायड्रोजनचे सहा बंध तयार होतात, प्रत्येकी साधारण ३९१, म्हणजे २३४६. फरक ९३ किलोज्यूल, तेवढी उष्णता बाहेर येते. (पुस्तकातला नेमका आकडा ९२ आहे, बंध ऊर्जा सरासरी असल्यामुळे एवढा फरक पडतो.) मुलांना इथे थांबवून बघायला सांगा: २२५३ खर्च केल्यावर २३४६ हाती येतात. नफा अगदी किरकोळ आहे, भांडवल मात्र आधी घालावं लागतं. सगळी अडचण ह्या भांडवलाची आहे.

वाईहून पोलादपूरला जायचं तर शेवटी आपण कितीतरी खाली उतरतो, पण आधी पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर ओलांडावं लागतं, मग आंबेनळी घाट उतरायचा. सक्रियण ऊर्जा म्हणजे तो चढ. साध्या तापमानाला नायट्रोजन आणि हायड्रोजन एका बाटलीत वर्षानुवर्षं ठेवले तरी अमोनिया होत नाही, कारण तिहेरी बंधाचा चढ पार करण्याइतकी ऊर्जा जवळपास एकाही रेणूत नसते. उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, डोंगराखालून बोगदा काढतो. वाई आणि पोलादपूर यांची उंची त्याने बदलत नाही, म्हणून समतोलही, म्हणजे अभिक्रिया शेवटी किती अमोनियावर स्थिरावते तेही, तसूभर हलत नाही. परीक्षेत ह्यावर हमखास प्रश्न येतो आणि हमखास चुकतो.

लोखंडाचा उत्प्रेरक हे कसं करतो? नायट्रोजनचा रेणू लोखंडाच्या पृष्ठभागावर चिकटतो, लोखंडाकडून थोडे इलेक्ट्रॉन घेतो, त्यामुळे तिहेरी बंध सैल होतो आणि दोन अणू सुटे होऊन पृष्ठभागावर बसतात. मग हायड्रोजनचे अणू एकेक करून त्यांना येऊन मिळतात. अख्ख्या प्रक्रियेतली सर्वांत अवघड पायरी म्हणजे नायट्रोजनचं हे सुटं होणं. गेऱ्हार्ड एर्टल यांनी अतिशय स्वच्छ लोखंडी पृष्ठभागांवर हे सगळं पायरी-पायरीने उलगडून दाखवलं. २००७चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पृष्ठभागांवरच्या अशाच कामासाठी मिळालं.

पण लोखंडाचा बोगदासुद्धा पूर्ण सपाट नसतो. ४०० अंशांच्या खाली तो नेहमीचा उत्प्रेरक मंदावतो. म्हणून तापमान हवं. आणि तापमान वाढवलं की दिशेचा हिशेब बिघडतो. चार रेणूंचे दोन होतात, म्हणून एन्ट्रॉपी घटते, साधारण १९९ ज्यूल प्रति केल्व्हिन. एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपीचा एकत्र हिशेब म्हणजे गिब्स मुक्त ऊर्जा; २५ अंशाला तिच्यातला बदल उणे ३३ किलोज्यूल येतो, म्हणजे अभिक्रिया अमोनियाकडे झुकलेली. १९० अंशांच्या आसपास तो शून्य होतो. ४५० अंशांना, एन्थाल्पी तीच धरून ढोबळ गणित केलं तरी, अधिक ५०च्या वर जातो. साध्या दाबाला ४०० अंशांवर समतोलात अमोनिया अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. तोच दाब २०० पट केला की ४०० अंशांवर सुमारे ३६ टक्के, ५०० अंशांवर जेमतेम १८. म्हणजे दाब हा तापमानामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई आहे. वेगासाठी तापमान वाढवलं, त्यामुळे उत्पादन घसरलं, ते दाबाने सावरलं. मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९च्या जुलैत कार्ल्सरूहेच्या प्रयोगशाळेत हा मेळ बसवून दाखवला, तेव्हा त्यांचा उत्प्रेरक ऑस्मियम होता, दुर्मिळ आणि महागडा. पुढे आल्विन मिटाश यांनी हजारो नमुने तपासून लोखंडाच्या खनिजात ॲल्युमिना आणि पोटॅशियमचे क्षार मिसळलेला स्वस्त उत्प्रेरक शोधला. ही पद्धत कारखान्यात उतरवणाऱ्या कार्ल बॉश यांच्यापुढचं संकट वेगळं होतं. गरम, दाबाखालचा हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन ओढून नेई आणि पोलाद ठिसूळ होऊन फुटे. त्यांनी आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं आणि बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक भोकं पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन बाहेर निघून जाई. १९१३च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा कारखाना चालू झाला. मला ती भोकं हाबर यांच्या शोधाइतकीच मोठी वाटतात.

त्याच काळात नॉर्वेत क्रिस्टियान बिर्केलॅन आणि साम आयडे दुसऱ्या वाटेने गेले होते: हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन विजेच्या ठिणगीत, ३००० अंशांच्या आसपास, एकत्र करायचे. ती अभिक्रिया उष्माग्राही, नायट्रोजनच्या मोलमागे १८० किलोज्यूल आत घेणारी. धबधब्यांची स्वस्त वीज होती तोवर ती पद्धत टिकली, नंतर हाबर-बॉशपुढे मागे पडली.

आता दुसरा प्रश्न. रिॲक्टरपुरतं बोलायचं तर मुलगी बरोबर आहे. कन्व्हर्टर, म्हणजे जिथे अमोनिया तयार होतो तो रिॲक्टर, स्वतःच्या उष्णतेवरच चालतो. सुरुवातीला स्टार्ट-अप हीटरने वायू तापवून बेडचं (उत्प्रेरकाच्या थराचं) तापमान वर आणावं लागतं. नवा उत्प्रेरक असेल तर ऑक्साइडचं लोखंड होताना त्यातून पाणी निघत राहतं आणि हे काम काही दिवस चालतं, घाई केली तर उत्प्रेरक कायमचा खराब होतो. पण अभिक्रिया एकदा धरली की हीटर बंद. कंट्रोल रूममध्ये पहिल्या बेडचं तापमान आपोआप चढताना दिसतं, आणि तिथून पुढे चिंता उलटी असते, थंड कसं ठेवायचं याची. म्हणून बेडच्या मधे थंड वायू सोडतात किंवा उष्णता काढून घेणारे एक्स्चेंजर ठेवतात. बाहेर येणारा गरम वायू आत जाणाऱ्याला तापवतो आणि उरलेल्या उष्णतेवर वाफ करतात. एका फेरीत १५-२० टक्केच वायूचं रूपांतर होतं. अमोनिया थंड करून द्रवरूपात काढायचा आणि उरलेला वायू पुन्हा लूपमध्ये फिरवायचा.

पण ही उष्णता आहे किती? अमोनियाच्या एका मोलमागे ४६ किलोज्यूल (वरच्या ९२च्या निम्मे), म्हणजे टनाला २.७ गिगाज्यूल. नैसर्गिक वायूवरचा आजचा उत्तम कारखाना टनाला सुमारे २८ गिगाज्यूल घेतो. २.७वर २८चं भागणार कसं? खर्च मुख्यतः हायड्रोजन बनवण्याचा आहे. एक टन अमोनियात १७७ किलो हायड्रोजन असतो आणि त्याचं उष्मांक मूल्य साधारण २१.३ गिगाज्यूल. त्यातून बाहेर पडलेले २.७ वजा करा, १८.६ उरतात. शुद्ध अमोनिया जाळला तर नेमके तेवढेच मिळतात. म्हणजे २८ पैकी दोन तृतीयांश ऊर्जा वाया गेलेली नसून अमोनियातच बसलेली असते! ‘कारखाना ऊर्जा खातो’ म्हणताना हे कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

तो हायड्रोजन मिथेन आणि वाफेपासून येतो. ही अभिक्रिया मोलमागे २०६ किलोज्यूल आत घेते, म्हणून ती जिथे घडते त्या रिफॉर्मर नावाच्या भट्टीच्या नळ्या बाहेरून ज्वाळांनी तापवाव्या लागतात. आतला वायू ८०० अंशांच्या आसपास बाहेर पडतो. कारखान्यातलं इंधन मुख्यतः इथे जळतं. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यातला अमोनियाही असाच नैसर्गिक वायूपासून होतो. ओपाऊच्या कोकच्या काळात टनाला १०० गिगाज्यूलच्या वर लागत. शंभर वर्षांत ते २८वर आलं, आणि ही बचत झाली ती कोक सोडून नैसर्गिक वायूकडे वळून, वाफेचा कण न् कण वापरून आणि कॉम्प्रेसर सुधारून. हाबर यांची अभिक्रिया तीच आहे.

हायड्रोजन पाण्यापासून विजेने काढला तर? पाणी फोडायला मोलमागे २८६ किलोज्यूल लागतात. प्रत्यक्षात किलो हायड्रोजनला ५० युनिटांच्या आसपास वीज जाते, म्हणजे टन अमोनियाला फक्त हायड्रोजनपोटीच ९००० युनिट. वायूतला कार्बन टळतो, पण ऊर्जेची गरज कमी होत नाही. वीज स्वच्छ आणि स्वस्त असेल तरच हे परवडतं.

राहिले जिवाणू. त्यांचा नायट्रोजनेज हा विकर साध्या तापमानाला बंध सैल करतो, पण फुकट नाही. एका नायट्रोजन रेणूमागे एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे) १६ रेणू खर्च होतात, शिवाय आठ इलेक्ट्रॉन लागतात, त्यातले दोन तर हायड्रोजन वायू होऊन निघून जातात. एटीपीच्या रेणूंचाच हिशेब नायट्रोजनच्या मोलमागे ४९० किलोज्यूलच्या आसपास येतो. हे सगळं हरभऱ्याने उन्हात बनवलेल्या साखरेतून जातं. ऑक्सिजन ह्या विकराला मारतो, म्हणून झाड गाठीत ऑक्सिजन धरून ठेवणारं तांबडं प्रथिन बनवतं. जिवंत गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी दिसते ती त्याचीच. आणि एवढं करून विकराचा एक रेणू सेकंदाला अमोनियाचे जेमतेम काही रेणू करतो. शेतात हजारो एकरांवर अब्जावधी गाठी असतात, म्हणून हा वेग पुरतो. कारखान्याला दिवसाला हजार टनांच्या वर काढायचे असतात, तेही एका कन्व्हर्टरमधून. तिथे वेग विकत घ्यावा लागतो, आणि ४५० अंश ही त्या वेगाची किंमत आहे. किंमत कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेतच: रुथेनियमचे उत्प्रेरक १९९०च्या दशकात काही कारखान्यांत आले आणि त्यांनी दाब बराच खाली आणला. मुलीला ह्या विषयात पुढे शिकायचं असेल, तर कमी तापमानाला नायट्रोजन फोडणारा उत्प्रेरक हा प्रश्न अजून मोकळा आहे, हे तिला जरूर सांगा.