यवतमाळकडच्या खेड्यात जीएनएम नर्स आहे. नोकरी सांभाळून वेब डेव्हलपमेंटकडे कसं वळू?

ताई, नोकरी एवढ्यात सोडू नका. नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही चालू ठेवा. 8 जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. आधी एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (पानाचं रूप), मग जावास्क्रिप्ट (पानाकडून काम करून घेणारी प्रोग्रामिंग भाषा). ते कच्चं ठेवून रिॲक्टवर, म्हणजे जावास्क्रिप्टवरच उभ्या असलेल्या तयार साधनावर, उडी मारली की गाडी अडते. शिकायला फ्रीकोडकॅम्प ही वेबसाइट फुकट आहे. रेंज गेली तरी आधी उतरवून ठेवलेलं डेव्हडॉक्स (या भाषांची संदर्भ-माहिती) वाचता येतं, गिटमध्ये (कोडमधले बदल जपणारं साधन) कमिट, म्हणजे बदलाची नोंद, लॅपटॉपवरच होते; पुश, म्हणजे ते ऑनलाइन चढवणं, नंतर करा.

पहिला प्रकल्प तुमच्याच कामातला घ्या: बाळाची जन्मतारीख टाकली की पेंटाव्हॅलंट लशीच्या 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या तारखा दाखवणारं पान. जावास्क्रिप्टमध्ये महिने 0 पासून मोजतात, जानेवारी म्हणजे 0. तारखा महिनाभर सरकल्या तर आधी तेच तपासा. आणि खऱ्या बाळांची माहिती त्यात अजिबात टाकू नका.