यवतमाळकडच्या गावात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरी टीव्हीची बातमी करताना कॅमेरा कधी सुरू करावा?

घरची बाई स्वतःहून बोलायला लागली की. तोवर कॅमेरा गाडीतच राहू द्या. या जिल्ह्यात १२ वर्षं चॅनेलसाठी बातम्या केल्यात, त्यावरून सांगतो. 'आता कसं वाटतंय?' हे तर विचारूच नका. पऱ्हाटीला (कपाशीला) बोंडं किती धरली, डवरणी (कोळपणी) कोण करतंय, सातबारा कुणाच्या नावावर आहे, असं विचारा. थोड्या वेळानं फळीवरची प्लास्टिकची पिशवी खाली येते: पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीची नोटीस, कृषी केंद्राची उधारीची चिठ्ठी, १ लाखाच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण 'अपात्र' ठरल्याचं पत्र. बातमी त्या पिशवीत सापडते (चॅनेलच्या ऑफिसातल्या डेस्कला रडणंच हवं असतं, ते सोडा). फक्त ऐकलेलं सगळं तसंच चालवू नका. कर्जाचा आकडा बँकेत नि सोसायटीत पडताळून घ्या.