उरलेल्या अन्नापासून विघटनशील प्लास्टिक घरी करता येते का?

आपली मुलगी आठवीत आहे आणि बटाट्याच्या साली व उरलेला भात यांपासून प्लास्टिकची पिशवी तयार करण्याचा प्रकल्प तिला विज्ञान प्रदर्शनात मांडायचा आहे. हे घरी शक्य आहे का, असे आपण विचारले आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि अशा प्रकल्पांना काही वर्षे मार्गदर्शन करत आलो आहे. स्टार्चचा पातळ, लवचिक पापुद्रा घरी निश्चितपणे करता येतो. सामान नेता येईल अशी पिशवी मात्र होणार नाही, आणि ती का होत नाही हे मुलीला समजले तर तिचा प्रकल्प पुष्कळ उंचीवर जाईल.

उन्हाळ्यात आपण साबुदाण्याच्या पापड्या घालतो, तेथूनच सुरुवात करावी. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला स्टार्च. तो शिजताना त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, आतल्या रेणूंच्या लांब साखळ्या मोकळ्या होतात, आणि पांढरे मिश्रण पारदर्शक व चिकट होते. उन्हात पाणी उडून गेले की त्याच साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि कागदावरून अलगद सुटणारी पापडी हाती येते. ही पापडी वाकवली की मोडते. त्यात ग्लिसरीन घातले तर त्याचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्या एकमेकींवरून सरकू शकतात, आणि पापुद्रा न मोडता वाकतो.

नुसत्या सालींतून स्टार्च फार थोडा मिळतो, म्हणून साल थोड्या गरासह जाड काढावी. ती किसून पाण्यात चोळावी, फडक्यातून गाळावी आणि ते पाणी अर्धा तास न हलवता ठेवावे. तळाशी पांढरा साका बसतो. वरचे तांबूस पाणी ओतून द्यावे, साका आणखी दोनदा धुवावा आणि वाळवावा. त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकल्यावर उमटणारा गर्द निळा रंग, म्हणजे स्टार्चची खूण, मुलीने स्वतः पाहावा. मग १० ग्रॅम स्टार्च, ६० मिलिलिटर पाणी, ५ मिलिलिटर ग्लिसरीन आणि ५ मिलिलिटर पांढरे व्हिनेगर एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळावे. व्हिनेगरमुळे स्टार्चमधल्या फांद्या असलेल्या साखळ्या काही प्रमाणात तुटतात आणि पापुद्रा अधिक एकसारखा होतो. मिश्रण पारदर्शक झाले की ताटाच्या सपाट बुडावर पातळ पसरावे आणि दोन दिवस सावलीत वाळू द्यावे. गुठळी राहिली तर नेमका तेथेच पापुद्रा फाटतो, त्यामुळे ढवळण्यात घाई करू नये.

उरलेला भात मात्र वापरू नका. त्यात मीठ किंवा तेल असू शकते, शिवाय एकदा शिजून गार झालेल्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा घट्ट जुळू लागतात. शिळा भात कडक होतो तो यामुळेच. तयार पापुद्र्यातही हेच हळूहळू घडत राहते आणि काही आठवड्यांत तो ठिसूळ होतो. त्याहून मोठी अडचण पाण्याची आहे. एका जुलै महिन्यात आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलेले सारे पापुद्रे दमट हवेने चिकट झाले आणि त्यांवर बुरशी धरली. कारखान्यात पिशव्या करताना स्टार्चमध्ये पाण्याला दाद न देणारे, पण सूक्ष्मजीवांना पचणारे पॉलिएस्टर जातीचे प्लास्टिक मिसळावे लागते ते यासाठीच.

खरकट्यासारख्या मिश्र अन्नकचऱ्यासाठी वेगळा मार्ग आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. हवा नसलेल्या टाकीत हा कचरा आंबवला की त्यातून ॲसेटिक, ब्युटिरिक अशी आम्ले मिळतात. ही आम्ले खाणारे काही जिवाणू, आपले शरीर चरबी साठवते त्याप्रमाणे, पेशींमध्ये पॉलिएस्टरचे कण साठवतात. हे द्रव्य मॉरिस लेमोइन्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये प्रथम ओळखले. ते मातीत आणि समुद्रातही विघटित होते. पेशींमधून ते वेगळे काढण्याचा खर्च हाच मुख्य अडसर आहे. पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) हे दुसरे प्लास्टिक स्टार्चची साखर करून, ती आंबवून मिळवलेल्या लॅक्टिक आम्लापासून बनते. प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरी येथे त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आहे.

‘वनस्पतीपासून बनलेले’ आणि ‘विघटन होणारे’ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मुलीने तक्त्यावर अवश्य लिहावे. पीएलए मक्यापासून बनले तरी परसातल्या खड्ड्यात वर्षानुवर्षे तसेच राहू शकते, कारण त्याला सुमारे ५८ अंश सेल्सिअसचे तापलेले कंपोस्ट लागते. उलट, पॉलिथिनमध्ये स्टार्च मिसळलेली पिशवी आयोडीनने निळी होईल, पण तिच्यातला स्टार्च तेवढा जिवाणू खातील आणि पॉलिथिनचे बारीक तुकडे मातीत उरतील.

प्रदर्शनाला महिना असेल तर आजच एका कुंडीत ओलसर माती व शेणखत घालून बोटभर खोलीवर तीन तुकडे पुरा: आपला पापुद्रा, किराणा दुकानातली पातळ पिशवी आणि ‘कंपोस्टेबल’ असा शिक्का असलेली पिशवी. दर रविवारी ते उकरून, मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि पुन्हा त्याच जागी पुरावे.