अंध विद्यार्थ्याचा पेपर लिहायला पहिल्यांदा रायटर म्हणून बसताय? मग एवढं बघा

आधी अभिनंदन. पुण्यात परीक्षांच्या सीझनला रायटर शोधताना अंध मुलांची जाम धावपळ होते, त्यामुळे घाबरू नका, बसा.

मेन गोष्ट म्हणजे पेपर त्या विद्यार्थ्याचा आहे, तुमचा नाही. तो सांगेल तेच लिहायचं. मी पहिल्याच पेपरला शहाणपणा करून वाक्य "सुधारलं", वाचून दाखवल्यावर पोरगी शांतपणे म्हणाली, दादा हे मी बोललेच नाही. कान लाल झाले माझे. उत्तर चुकतंय असं दिसलं तरी गप्प बसायचं, जीव तुटतो पण मार्क घालवायचा हक्कपण त्याचाच ना.

बाकी:
- प्रश्न मार्कांसकट पूर्ण वाचा.
- तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे 3 तासांच्या पेपरला 1 तास, उगाच घाई नको.
- स्वारगेटसारख्या गर्दीत दंड धरून ओढत नेऊ नका. आधी विचारा, हो म्हणाला तर तुमचं कोपर त्याला धरू द्या, तो अर्धं पाऊल मागून चालेल. पांढऱ्या काठीला हात लावायचा नाही.
- सुपरवायझर "याचं नाव काय" असं तुम्हालाच विचारतील, हे हमखास होतं, उत्तर त्याला देऊ द्या.

आणि ते "बिचारा" वगैरे घरी ठेवून या. यूडीआयडी (म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), बाकीचे नियम नंतर बोलू. पेपरच्या आधी एकदा चहाला भेटा मात्र, त्याच्या बोलण्याचा स्पीड तुमच्या हाताला कळायला हवा, आणि मराठी माध्यमवाला असेल तर स्वतःची जोडाक्षरंपण तपासून घ्या 😄