बंदुकीच्या दारूची कुपी आणि तिची तुटलेली स्प्रिंग

प्रश्न : आजोबांच्या सामानात बंदुकीची दारू ठेवण्याची तांब्याची कुपी मिळाली. तिच्या पितळी टोपणावर ‘जेम्स डिक्सन अँड सन्स, शेफील्ड’ अशी अक्षरे आहेत. खटक्याला रेटा देणारी पोलादी पट्टी स्क्रूच्या भोकापाशी तुटल्याने खटका सैल लोंबतो. घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडा बसवून पाहिला, पण तो मऊ पडला. नवी पट्टी घरी करता येईल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : करता येईल. मात्र आधी टोपण काढून कुपी आतून गरम पाण्याने तीन-चार वेळा विसळा आणि पूर्ण वाळवा. काळी दारू कितीही जुनी असली तरी कोरडी असेपर्यंत पेट घेते आणि तिचे दाणे शिवणीत अडकून राहतात. पाण्याने त्यातला सोरा (पोटॅशियम नायट्रेट) विरघळून निघून जातो.

ही कुपी तोंडाकडून भरायच्या बंदुकांच्या काळातली आहे. शिकारी कुपीच्या टोपणावरील नळीच्या तोंडावर बोट ठेवून कुपी उलटी करी, अंगठ्याने खटका दाबून झडप उघडी आणि नळी भरली की अंगठा उचली. झडप मिटवण्याचे काम स्प्रिंगचे, म्हणजे तिच्याकडून फार जोराची अपेक्षा नव्हतीच.

घड्याळाचा तुकडा मऊ नव्हता, पातळ होता. पट्टीचा जोर रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. त्यामुळे निम्म्या जाडीच्या पट्टीला आठवा हिस्साच जोर राहतो, आणि 0.8 मिलिमीटरऐवजी 0.9 मिलिमीटर जाडी घेतली तर तो सुमारे 42 टक्क्यांनी वाढतो. म्हणून जुन्या तुकड्याची जाडी गंज नसलेल्या जागी मायक्रोमीटरने मोजा आणि तुकडे जपून ठेवा. वळणाचा नमुना त्यांच्याकडूनच मिळेल.

पोलादासाठी सुताराच्या जुन्या करवतीचे पाते उत्तम. ते लालबुंद करून गरम राखेत पुरून रात्रभर ठेवले की कानशीला दाद देते. भोक याच अवस्थेत पाडा आणि त्याच्या कडा दोन्ही बाजूंनी मारून घ्या. पट्टी भोकाशी सर्वांत अरुंद असते, आणि दारूची भुकटी ओल धरत असल्याने स्क्रूखालीच गंज धरतो. तुमची पट्टी नेमकी तिथे तुटली त्याचे कारण बहुधा हेच. कानशीचे ओरखडे पट्टीच्या लांबीच्या दिशेनेच राहू द्या, कारण आडव्या ओरखड्यातून चीर सुरू होते. शेवटी एमरी पेपरने ती चकचकीत करा. लहान वळण तापवूनच द्यावे.

आता पाणी द्यायचे, म्हणजे पट्टी तापवून एकदम थंड करत कडक करायची. नाव पाण्याचे असले तरी इतक्या पातळ पट्टीला तेलच हवे, पाण्यात ती तडकते. अंधाऱ्या जागी पट्टी पिकल्या चेरीसारखी लाल, म्हणजे सुमारे 800 अंश सेल्सिअस, दिसली की तत्काळ कोमट तेलात बुडवा. या क्षणी ती काचेसारखी ठिसूळ असते, तेव्हा वाकवून पाहू नका. हा ठिसूळपणा घालवण्यासाठी ती पुन्हा चकचकीत करून लोखंडी तव्यावर पितळेच्या किसाच्या थरात ठेवा आणि मंद आंच द्या. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि 300 अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. सगळी पट्टी एकसारखी निळी होताच उचला. घड्याळजींची ही जुनी रीत मला भट्टीपेक्षा भरवशाची वाटते, कारण किसामुळे पातळ टोक आधी जळत नाही.

बसवताना जोर बेताचाच ठेवा. ही कुपी आता पाहण्यासाठी आहे. ताठ स्प्रिंग लावली तर खटक्याची खीळ झिजेल आणि पितळेतले आटे उपटतील. मूळ स्क्रू हरवला असल्यास मेट्रिक स्क्रू दामटू नका, आटे पाहून नवा कातून घ्या. तापवण्याचे काम कुपीपासून दूरच करा, शिवणीचा डाख थोड्या उष्णतेनेही वितळतो. आणि कृपया तिला चिंच लावून घासू नका. शेफील्डच्या कुप्यांवर बहुधा लाखेचा पातळ मुलामा असे, तो एकदा गेला की परत येत नाही.