डीटीएस रिव्ह्यू: आधी व्होल्टेज बघ, टॅब-स्पेस नंतर

तुझा प्रश्न असा की स्नॅपड्रॅगन 845 वाल्या एका फोनचा डीटीएस पॅच (फोनमध्ये कुठलं हार्डवेअर कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमधला बदल) मेनलाइन, म्हणजे मूळ लिनक्स कर्नलसाठी आलाय, फोन तुझ्याकडे नाही, मग रिव्ह्यूत बघायचं काय. अरे, फोन नसला तरी बरंच काम होतं, फक्त सुरुवात नोडच्या (त्या फाइलमधल्या एकेका भागाच्या) नावातल्या अंडरस्कोअरपासून नको करू. तसलं बरचसं डीटीबीएस चेक आणि चेकपॅच ही तपासणीची टूल्स पकडतात, उरलेलं विरार फास्टमध्ये उभ्याउभ्या मोबाईलवर वाचून होतं.

मी आधी रेग्युलेटर उघडतो, म्हणजे कुठल्या रेलला (वीजपुरवठ्याच्या लाइनला) किती व्होल्टेज ते सांगणारा भाग. बहुतेकदा कंपनीच्या जुन्या कर्नलमधून कॉपी मारलेली असते, आकडे मायक्रोव्होल्टमध्ये, एक ओळ इकडची तिकडे झाली की 1800000 च्या जागी 2960000 बसतं, आणि मिन-मॅक्स सारखेच लिहिले असतील तर कर्नल कोणी व्होल्टेज मागायची वाटच बघत नाही, स्वतःहून तेवढं लावून मोकळा होतो. पलीकडे 1.8 व्होल्टची चिप असली तर मग काय, बोंबला! पण रुंद रेंज दिसली म्हणून लगेच ओरडूही नको, एसडी कार्डच्या आयओ (डेटा सिग्नलच्या) रेलला 1.8 ते 2.96 लागतंच, फास्ट मोडला जाताना कार्ड 1.8 वर उतरतं ना. म्हणजे प्रत्येक रेल नेमकी कोणाला जाते ते शोधायचं. नुसतंच ऑलवेज-ऑन (रेल कायम चालू) ठोकलेलं दिसलं तर कारण विचार, बऱ्याचदा खरा कन्झ्युमर (ती रेल वापरणारा भाग) लिहायचा कंटाळा केलेला असतो.

मग रिझर्व्ड मेमरी, म्हणजे कर्नलने वापरायची नाही अशी राखीव रॅम. मोडेम, ट्रस्टझोनचे (सुरक्षित सॉफ्टवेअरचे) भाग नो-मॅप (कर्नलला हात लावायला बंदी) आहेत का, साइज बरोबर आहे का. कर्नलने चुकून तिथे हात लावला की फोन गपकन रीबूट, लॉगमध्ये एक अक्षर नाही, आणि कधीकधी ते रॅम भरल्यावरच होतं, म्हणून "माझ्याकडे बूट होतोय" ह्यावर जाऊ नको. जीपीआयओचंही (चिपच्या साध्या इनपुट-आउटपुट पिनांचं) तेच, 845 च्या बऱ्याच फोनांत 0 पासून 4 आणि 81 पासून 4 पिन रिझर्व्ड असतात, इथे नसतील तर विचारच.

पॅच पाठवणाऱ्याकडून बूट लॉग मागून घे. पुढेमागे स्वतः फोन घेतलास तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यूएआरटी बोर्ड (फोनचा लॉग कॉम्प्युटरवर बघायला) मिळेल, पण 1.8 व्होल्टचाच माग, 3.3 वाला पुढे करतील.

नवीन कंपॅटिबल (हार्डवेअर ओळखायचं नाव) असेल तर बाइंडिंगचा (त्या नावाचे नियम लिहिणारा) पॅच सिरीजमध्ये डीटीएसच्या आधी हवा. आणि टेस्टेड-बाय (स्वतः चालवून बघितल्याचा टॅग) देऊ नकोस, फोन नाहीये तुझ्याकडे. रिव्ह्यूड-बाय चालेल, पण पॅनेलचं (स्क्रीनचं) कळलं नसेल तर टॅग राहू दे, "पॅनेल सोडून बाकी बघितलंय" असं सरळ लिही.